भोंगा गेला, भूक राहिली : कॉलेजातल्या मुलाचे वाढते वजन

कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे वजन वाढल्याची पहिली खबर बहुधा कपाटातून येते. बारावीच्या निरोप समारंभाला घेतलेला शर्ट एसवायच्या गणपतीपर्यंत पोटावर ताणू लागतो आणि दिवाळीचा कुर्ता एक माप मोठा आणावा लागतो. दुसरी खबर नातेवाईक देतात. ‘काय रे, किती सुटलास!’ हे वाक्य गावच्या आरतीत, कुणाच्या साखरपुड्यात, इमारतीच्या लिफ्टमध्ये, कुठेही कानावर पडते. आईवडिलांची पंचाईत इथून सुरू होते. सहावीतल्या मुलाच्या हातातून चिप्सचे पाकीट काढून घेता येते, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातातून घेता येत नाही. त्याच्या फोनमध्ये पैसे असतात आणि दिवसाचे दहा तास तो घराबाहेर असतो.

हे वय साधारण सतरा ते बावीस. या काळात थोडे वजन वाढणे हा वाढीचाच भाग आहे. मुलग्यांची वाढ मुलींपेक्षा उशिरापर्यंत चालते. अठराव्या वर्षानंतरही खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, काहींची उंचीही थोडी वाढते. त्यामुळे सडपातळ मुलाचे दोन वर्षांत तीन-चार किलो वाढले आणि कंबर होती तेवढीच राहिली, तर त्यात उपाय करण्यासारखे काही नाही. कंबर वाढू लागली की मात्र लक्ष द्यावे.

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षातील वजनवाढीला ‘फ्रेशमन फिफ्टीन’ म्हणतात. पहिल्या वर्षी १५ पौंड, म्हणजे पावणेसात किलो वाढतात, अशी तिकडची समजूत. २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी वाढ १.३६ किलोच निघाली. वजन वाढलेल्यांचे प्रमाण मात्र साठ टक्क्यांच्या आसपास होते. तिकडचा मुलगा घर सोडून वसतिगृहात जातो. मुंबईतल्या लोअर परळचा मुलगा कीर्ती, रुईया किंवा महर्षी दयानंद कॉलेजला जातो आणि रात्री घरी जेवायला येतो. म्हणजे दिवसातले निदान एक जेवण अजून आईवडिलांच्या हातात असते. या प्रकरणातला बराचसा भाग त्या एका जेवणाभोवती फिरतो.

भोंग्याची वेळ आणि अ‍ॅपची वेळ

लोअर परळ, डिलाईल रोड, लालबाग या गिरणगावात जेवणाची वेळ एकेकाळी गिरणीचा भोंगा ठरवत असे. गिरणी तीन पाळ्यांत चाले, आणि पाळीच्या हिशेबाने घरातली चूल पेटे किंवा खानावळीतली पाने मांडली जात. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवत. तिथे वाढप ठरलेले असे आणि वेळ टळली तर जेवण मिळेलच असे नसे. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कामगार बारीक होता तो कष्टाने आणि अपुऱ्या अन्नाने, आणि क्षयाने या वस्त्या पोखरलेल्या होत्या. पण खाण्याला वेळेचे कुंपण होते, हे खरे.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर एकेक भोंगा थांबत गेला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. संपातल्या कामगाराचा नातू आज एफवायला आहे. त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर पिझ्झा, मोमो, शावर्मा, बबल टी सगळे आहे, आणि अ‍ॅपवर तर रात्री दोन वाजताही काही ना काही उघडे असते. कुंपण गेले, भूक तेवढीच राहिली.

तेवढीच का राहते, याचे उत्तर योगायोगाने एका गिरणीतूनच आले. ज्याँ मेयर या पोषणतज्ज्ञाने पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतील दोनशेहून अधिक पुरुषांचे खाणे, वजन आणि काम यांची नोंद केली. हा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जसजसे कष्ट वाढत तसतसे खाणे वाढत होते आणि वजन साधारण सारखे राहत होते. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण बैठे काम करणारे, म्हणजे कारकून, देखरेख करणारे, आवारात दुकान मांडून बसलेले लोक, हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि सर्वांत वजनदारही तेच होते. अंगमेहनत एका मर्यादेखाली गेली की भूक तिच्याबरोबर खाली येत नाही, उलट थोडी वर जाते. ‘दिवसभर बसून असतो तरी एवढी भूक कशी लागते याला?’ असे आई विचारते तेव्हा तिला हेच दिसत असते.

मुलाचे बसणे कॉलेजच्या आधीच सुरू होते. दहावीला मैदान सुटते, ‘एवढं वर्ष जाऊ दे’ म्हणत बारावी, सीईटी, नीट, जेईई यांत आणखी दोन वर्षे जातात, आणि कॉलेजात पोचेपर्यंत बसण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असते. मैदान बंद करणारे हात बहुतेक वेळा आईवडिलांचेच होते, ही गोष्ट पुढे चिडचिड होईल तेव्हा त्यांनी आठवावी.

एक दिवस, एक ताट

वजन वाढवणारे खाणे म्हटले की डोळ्यांपुढे पार्ट्या येतात. खरा हिशेब साध्या दिवसात दडलेला असतो. असा दिवस गिरणगावातल्या कुठल्याही घरात सापडेल. मुलगा नऊला उठतो, चहाबरोबर चार खारी बिस्किटे खातो आणि ओट्यावर झाकून ठेवलेले पोहे तसेच टाकून लेक्चरला पळतो. अकराला कँटीनमध्ये समोसा-पाव आणि थंड पेय. तीनला चौघांत मिळून शेझवान राइस, ज्यात भाजी शोधावी लागते. सातला घरी आल्यावर पुन्हा चहा आणि फरसाणाचा डबा; हा डबा फ्रिजवर, हाताच्या उंचीवर असतो. साडेनऊला जेवण, एका हातात फोन. ‘अजून एक पोळी घे, दिवसभर काही खाल्लं नाहीस’ असे आई म्हणते, आणि आपल्या परीने ती खरे बोलत असते, कारण तिच्या नजरेसमोर त्याने काहीच खाल्लेले नसते. रात्री एकला दोन मिनिटांच्या नूडल्स.

या दिवसात एकही मेजवानी नाही. पण ३०० मिलिलिटरच्या गोड थंड पेयात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते, आणि तिच्याने पोट भरल्याची जाणीव होत नाही. रोज शंभर कॅलरी जास्त गेल्या तर काय होते याचे गणित अमेरिकेतील संशोधक केविन हॉल यांनी २०११ मध्ये मांडले. त्या हिशेबाने असे वजन शेवटी चार-साडेचार किलोंनी वाढून स्थिरावते. त्यातली निम्मी वाढ पहिल्या वर्षात होते आणि जवळजवळ सगळी तीन वर्षांत. तीन वर्षे म्हणजे एफवाय ते टीवाय. शंभर कॅलरी म्हणजे पाच चमचे साखर, किंवा दोन मोठे कप गोड चहा. एवढ्या जादा खाण्याला कुणी खादाडपणा म्हणणार नाही.

हॉल यांनीच २०१९ मध्ये दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले, पाकीटबंद अन्न दिले आणि दोन आठवडे घरच्यासारखे साधे अन्न. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू सारखे होते, आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नाच्या दोन आठवड्यांत माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. साध्या अन्नाच्या दोन आठवड्यांत ते तितकेच उतरले. ही काही निश्चय नसलेली माणसे नव्हती. फक्त ताटातले अन्न बदलले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कॉलेजच्या आवारात जंक फूड नको अशा सूचना काढल्या. एखाद्या कँटीनसमोर मधल्या सुट्टीत दहा मिनिटे उभे राहिले की त्या सूचनांचे पुढे काय झाले ते कळते.

झोपेचा मुद्दा घरात सहसा आळसाच्या खात्यावर जमा होतो. शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांवर झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या वयाच्या मुलांना नेमका लागू पडतो. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर त्यांच्या रक्तातील तृप्तीचे संप्रेरक लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भुकेचे संप्रेरक घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि ओढ लागली ती गोड, खारट व पिठूळ पदार्थांची. रात्री एकच्या नूडल्स तिथूनच येतात. नूडल्सचे पाकीट लपवण्यापेक्षा वायफाय साडेबाराला बंद करणे अधिक कामाचे, अर्थात घरातल्या सगळ्यांचे. एकट्या मुलाचेच बंद केले तर तो मोबाइलच्या डेटावर जागेल.

मोजायचे काय

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, हा मूळचा बेल्जियमच्या अडॉल्फ क्वेतले या संख्याशास्त्रज्ञाचा, एकोणिसाव्या शतकातला. आजचे नाव त्याला १९७२ मध्ये मिळाले. युरोपात २५ पर्यंत ठीक समजतात. भारतीयांसाठी डॉक्टर २३ च्या पुढे सावध होतात आणि २५ ला लठ्ठपणा म्हणतात. पाच फूट सात इंच, म्हणजे १७० सेंटीमीटर उंचीच्या मुलाला या रेषा साधारण साडेसहासष्ट आणि सव्वाबहात्तर किलोंवर लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी २२.९ टक्के पुरुष २५ च्या पुढे होते. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण १८.९ टक्के होते.

आपल्यासाठी रेषा अलीकडे का ओढली, याचे कारण एका छायाचित्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील (परळचे केईएम वेगळे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार या भारतीय ठेवणीचा शोध याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू केलेल्या मातांच्या आणि बाळांच्या अभ्यासात घेतला. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरत, पण चरबी राखून जन्मत. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या घरांतल्या मुलाला एकदम मुबलक अन्न मिळते तेव्हा चरबी आधी पोटात साठते. आजोबा किडकिडीत होते म्हणून नातवाला धोका नाही, हे म्हणूनच खरे नाही.

यासाठी काट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप जास्त सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजावे. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात, आणि उंचीच्या निम्म्याहून कंबर जास्त नसावी हा सोपा नियमही उपयोगी पडतो. १७० सेंटीमीटरच्या मुलाला तो ८५ चा होतो. पँटच्या मापावर विसंबू नये. पोट सुटले की पँट पोटाखाली सरकते आणि चौतीसचे माप वर्षानुवर्षे चौतीसच राहते. उलट कबड्डी खेळणाऱ्या किंवा वजने उचलणाऱ्या मुलाचा बीएमआय २६ भरेल, पण कंबर ८० असेल तर त्याला लठ्ठ म्हणणे चुकीचे. टेप मुलाच्या हातात द्यावी आणि मोजू त्यालाच द्यावे.

बोलणे

मराठी घरात वजनाबद्दलची भाषा दोन वर्षांत पालटते. दहावीपर्यंत ‘अंगाने भरलाय’, ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ ही कौतुके असतात. त्याच अंगावर दोन वर्षांनी ‘ढेरी’, ‘जाड्या’, ‘ढोल्या’ येते. बरे, टोमणा मारणारेच हात पानात तिसऱ्यांदा आमटी वाढत असतात. नको म्हटले तर ‘माझ्या हातचं आवडत नाही का?’ आणि घेतले तर ‘पोट बघ जरा’. या कात्रीत सापडलेला मुलगा लवकरच एक युक्ती शिकतो: घरी कमी खायचे आणि बाहेर भरपाई करायची. त्याचे खाणे मग आईवडिलांच्या नजरेआड जाते, आणि हातात उरलेले ते एक जेवणही सुटते.

मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत पालक वजनाबद्दल, आकाराबद्दल बोलत होते तिथल्या मुलांत उपाशी राहणे, जेवण टाळणे, अधाशासारखे खाणे असे प्रकार जास्त आढळले. वजनाचा विषय न काढता फक्त चांगल्या खाण्याबद्दल बोलणाऱ्या घरांत ते कमी होते. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम यांची घट्ट गाठ मारता येत नाही, कारण वजन वाढलेल्या मुलाच्या घरात वजनाच्या गप्पा जास्त होणारच. तरी सल्ला म्हणून तो निरुपद्रवी आहे आणि फुकट आहे. ताटावर बसल्यावर वजनाचा विषय नको. चुलतभावाशी तुलना नको. पाहुण्यांनी काढलाच विषय तर तो आईने किंवा वडिलांनी तिथेच बदलावा. मुलाच्या बाजूने एवढे एकदा झाले की पुढची बरीच बोलणी सोपी होतात.

बोलायचे तर एकदा, एकट्याने, आणि सरळ. ‘तुझी कंबर वाढतेय, घरात साखरेचा आजार आहे, म्हणून मला काळजी वाटते. आपण घरचं काय बदलू या?’ एवढे पुरते. यात ‘आपण’ खरा असला पाहिजे. लोअर परळच्या बहुतेक घरांत पन्नाशीच्या वडिलांची कंबर मुलाहून मोठी असते आणि रक्तदाबाची गोळी त्यांच्या उशाशी असते. त्यांनी रविवारची भजी हाणत मुलाला काकडी पुढे केली तर मुलगा हसेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

स्वयंपाकघर

मुलासाठी वेगळे ‘डाएटचे’ ताट करणे ही सर्वांत लवकर फसणारी युक्ती. घराचेच खाणे बदलले तर टिकते, आणि त्याची सुरुवात तेलाच्या डब्यापासून करता येते. माणशी रोज २५ ते ३० ग्रॅम तेल धरले तर चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा सव्वा ते दीड महिना पुरायला हवा. तो पंचवीस दिवसांत खडखडत असेल तर मुलाच्या कँटीनकडे बोट दाखवण्याआधी घरच्या कढईकडे पाहावे.

पुढचा बदल ताटाच्या रचनेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसभराच्या खाण्याचा जवळपास निम्मा भाग भाज्या आणि फळे असावा असे म्हटले आहे. कोकणी किंवा घाटावरच्या ताटात हे अवघड नाही, फक्त भाताचा डोंगर आणि कोशिंबिरीचा चमचा यांची अदलाबदल करावी लागते. मटकीची उसळ, मुगाचे घावन, दोन उकडलेली अंडी, तव्यावर कमी तेलात भाजलेला बांगडा यांनी पोट तीन-चार तास धरून राहते. टाकून गेलेले पोहे हा खरा कळीचा मुद्दा आहे. मुलगा बसून नाश्ता करणार नसेल तर हातात नेता येईल असे काही द्यावे: अंड्याची पोळी गुंडाळून, भिजवलेले शेंगदाणे, केळे. अकरा वाजता रिकाम्या पोटी कँटीनसमोर उभ्या राहिलेल्या मुलाकडून संयमाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. फरसाणाचा डबा फेकायची गरज नसते, तो फ्रिजवरून माळ्यावर गेला तरी फरक पडतो. पाहुण्यांसाठी आणलेली थंड पेयांची मोठी बाटली मात्र घरात येऊच नये. पाहुण्यांना कोकम सरबत किंवा ताक आवडते, आणि त्यातली साखर आपल्या हातात राहते.

आग्रहाची पद्धत सोडणे आईला सर्वांत जड जाते. पंगतीतला आग्रह हे जुन्या टंचाईच्या काळातले सौजन्य आहे: संकोचाने कमी मागणाऱ्याला पोटभर मिळावे म्हणून. आता टंचाई नाही. भांडी मध्ये ठेवावीत आणि ज्याचे त्याने वाढून घ्यावे. काय शिजवायचे आणि जेवण किती वाजता हे घर ठरवते, किती खायचे ते खाणारा. आणि जेवणाची एक वेळ पक्की करावी, नऊ म्हणजे नऊ, फोन दुसऱ्या खोलीत किंवा निदान टीव्हीच्या मागे. घराचा भोंगा म्हणायचा तो एवढाच.

याच सुमारास घरात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद उठतो. डॉ. श्रीकांत जिचकरांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात. ऋजुता दिवेकर थोडे थोडे, घरचे, आपल्या प्रदेशातले खा म्हणतात. दोन्ही वाटांनी वजन उतरलेली माणसे ओळखीत सापडतात आणि दोन्ही सोडून दिलेलीही. मुलाला जी वाट वर्षभर झेपेल ती त्याने निवडावी. मधेच पाकीट फोडून खाणे मात्र कोणत्याच वाटेवर बसत नाही.

हालचाल

ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, खोली १६० चौरस फुटांची. तिथे मुलाला दिवसातून दहा वेळा जिना चढावा लागे आणि खोलीत जागा नसल्याने तो बाहेरच असे. पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांचे घर मिळते, स्वतंत्र न्हाणीघर मिळते, आणि बाविसाव्या मजल्यावरून खाली उतरायचा कंटाळा येतो. चाळीत परत जा असे कुणी म्हणणार नाही. पण गेलेली हालचाल आता ठरवून आणावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असा आहे. नुसत्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, हे मुलाला आधीच सांगावे, नाहीतर महिन्याभराने काटा न हलल्याचे पाहून तो सोडून देतो. व्यायामाने साखर, रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती सुधारते आणि उतरलेले वजन परत न येण्यास मदत होते. लोअर परळला यासाठी मॉलशेजारच्या महागड्या जिमची गरज नाही. डिलाईल रोडचे श्रमिक जिमखान्याचे मैदान, प्रभादेवी-लालबागच्या व्यायामशाळा आणि कबड्डी संघ यांची परंपरा गिरण्यांइतकीच मुरलेली आहे. संघात गेलेला मुलगा पाचला खाली उतरतो, कारण बाकीचे सहा जण वाट पाहत असतात. हे काम कुठलीही घड्याळपट्टी करत नाही. ज्याला खेळ नको त्याने स्टेशन ते वरळी नाका हे अंतर शेअर टॅक्सीऐवजी पायी जावे. पंचवीसेक मिनिटे लागतात, म्हणजे जाऊन येऊन पन्नास.

जिममध्ये जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत एका गोष्टीवर लक्ष हवे. प्रथिनांच्या पावडरीतून प्रश्न ‘इंजेक्शन’पर्यंत गेला तर तो वजनाचा राहत नाही. स्नायू फुगवणारी स्टेरॉइड यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता यांना धोक्यात आणतात.

डॉक्टरांकडे कधी

काही खुणा घरी दिसतात. मानेच्या मागे, काखेत काळसर मखमली पट्टा येतो आणि साबणाने घासून जात नाही. तो मळ नसतो, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे आणि दिवसा लेक्चरला डुलक्या लागणे हा दुसरा इशारा. दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वजन वाढले, पोटावर जांभळे रुंद ओरखडे उमटले, किंवा एखादे औषध सुरू झाल्यावर वाढ सुरू झाली तर थांबू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधे वजन वाढवतात, पण ती स्वतःच्या मनाने बंद करणे वजनापेक्षा घातक असते. तपासण्या साध्या आहेत: रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, यकृताची तपासणी आणि थायरॉईडची टीएसएच. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाचा उंबरठा, ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. टीएसएचच्या अहवालाची घरचे फार आतुरतेने वाट पाहतात. थायरॉईड निघाले तर कुणाचाच दोष नाही असे त्यांना वाटते. बहुतेकदा ते निघत नाही. दोष तरीही कुणाचा नसतो.

मनाची बाजू मुलग्यांत हमखास निसटते. मित्रांना टाळणे, खोलीत बसून राहणे, उन्हाळ्यातही जाड जॅकेट घालणे, रात्री लपून तडस लागेपर्यंत खाणे आणि मग कपाटात रिकामी पाकिटे सापडणे, ही हावरेपणाची लक्षणे समजून रागावण्यात काही साधत नाही. हा नैराश्याचा किंवा खाण्याच्या विकाराचा भाग असू शकतो आणि दोन्हींवर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शने, टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड, २०२५ मध्ये भारतात वजनासाठी विक्रीला आली आणि मुलाने त्यांची नावे आईवडिलांच्या आधी ऐकलेली असतात. ती तज्ज्ञाने तपासून, विशिष्ट मर्यादेवरच्या वजनाला द्यायची औषधे आहेत. बंद केल्यावर वजन बऱ्याच अंशी परत येते. औषध असो वा नसो, सुरुवातीचे ध्येय लहान ठेवावे. ८० किलोच्या मुलाचे सहा महिन्यांत चार किलो उतरले तरी ते पाच टक्के होतात, आणि साखर व रक्तदाब तेवढ्यानेही सुधारू लागतात.

परळच्या केईएममध्ये, जे महापालिकेचे आहे आणि १९२६ पासून चालू आहे, संप्रेरकांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. खाजगी दवाखान्यात जायचे तर घरच्या ओळखीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करावी. कुठेही गेले तरी अठरा पूर्ण झालेल्या मुलाचा केसपेपर त्याने स्वतः काढावा, डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे त्याने स्वतः द्यावीत, आणि तो आत असेपर्यंत आईवडिलांनी बाहेरच्या बाकावर बसावे.